टाका, वारा आणि कीट्स

पडद्यावर एक चमकतं टोक दिसतं. ते कशाचं, हे लगेच कळत नाही. भोवती दोरखंडासारखे जाड धागे आहेत, उभे-आडवे विणलेले. त्यांच्यामधून वाट काढत ते टोक वर येतं आणि मागोमाग दोरा ओढून नेतं. मग उलगडतं की ही सुई आहे, हे कापड आहे आणि टाका पडतो आहे. शिवणटिपण घरोघरी चालतं, पण सुई शिरताना कापडाचे धागे कसे बाजूला सरतात, हे इतक्या जवळून कुणी पाहिलेलं असतं?

जेन कॅम्पियन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शिकेच्या ‘ब्राइट स्टार’ (2009) या चित्रपटाची ही सुरुवात. चित्रपट आहे जॉन कीट्स या कवीचा आणि त्याच्या प्रेमाचा. काळ 1818 ते 1821, ठिकाण लंडनजवळचं हॅम्पस्टेड. त्या काळावरचा चित्रपट म्हटल्यावर आपण घोडागाड्या, झुंबरं, नाचाचे दिवाणखाने यांची वाट बघत बसतो. कवीचा चित्रपट म्हटल्यावर निदान कागद, दौत, पिसाची लेखणी तरी दिसायला हवी. कॅम्पियन सुरुवातीला यातलं काहीही दाखवत नाही. ती सुईपासून सुरू करते. या एका निर्णयात पुढच्या दोन तासांची गुरुकिल्ली आहे, असं मला वाटतं.

कवी पडद्यावर दाखवणं हे महाकठीण काम आहे. चित्रकाराचा कुंचला कॅनव्हासवर फिरताना दाखवता येतो. गवयाला गाताना ऐकवता येतं. कवी काय करतो? खुर्चीत बसतो, बाहेर बघतो, चार शब्द लिहितो, त्यातले दोन खोडतो. कीट्सचा मित्र चार्ल्स ब्राउन यानं पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे. 1819च्या वसंतात एका सकाळी कीट्सनं न्याहारीच्या टेबलापासची खुर्ची उचलली, बागेतल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली हिरवळीवर नेऊन ठेवली आणि दोन-तीन तास तिथं बसून राहिला. आत आला तेव्हा हातात कागदाचे काही तुकडे होते. ते त्यानं गुपचूप पुस्तकांमागे सारले. त्या तुकड्यांवर होती ‘ओड टु अ नाइटिंगेल’! इंग्रजी कवितेतली ही अमोल ठेव, आणि बघणाऱ्याला दिसलं काय, तर झाडाखाली बसलेला एक तरुण. चित्रपटातही हा प्रसंग तेवढाच येतो: खुर्ची, गवत, झाड, कीट्स. कपाळावर आठ्या नाहीत, पार्श्वसंगीताचा गजर नाही. कवितेचा जन्म बाहेरून दिसत नाही, हे कॅम्पियननं मान्य करून टाकलं आहे. मग तिनं वेगळाच रस्ता धरला. कविता ज्या जगातून आली ते जग, म्हणजे तिथलं ऊन, वारा, कापड, फुलं, भिंती, इतक्या जवळ आणायचं की बघणाऱ्याची कातडीच कवितेसाठी तयार व्हावी.

आपल्याकडे कीट्स बहुतेकांना भेटतो तो बी.ए.च्या अभ्यासक्रमात, टिपांच्या वहीत. म्हणून माणसाची थोडी ओळख. जन्म 31 ऑक्टोबर 1795चा. आईवडील लहानपणीच गेले. लंडनच्या गाइज रुग्णालयात त्यानं वैद्यकीचं शिक्षण घेतलं, 1816मध्ये परवानाही मिळवला आणि मग ते सगळं सोडून कवितेच्या मागे लागला. 1818मध्ये ‘एंडिमियन’ हे दीर्घकाव्य आलं, त्यावर समीक्षक तुटून पडले. एका मासिकानं तर कविता सोडून पुन्हा औषधाच्या दुकानात जा, असं सुनावलं. त्याच वर्षाच्या 1 डिसेंबरला धाकटा भाऊ टॉम क्षयानं गेला. त्याची शुश्रूषा कीट्सनंच केली होती. मग तो ब्राउनच्या घरी राहायला गेला, शेजारच्या फॅनी ब्रॉन या अठरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमात पडला आणि 1819च्या एका वर्षात ज्यांच्यामुळे आज त्याचं नाव घेतलं जातं त्या बहुतेक कविता लिहून गेला. 23 फेब्रुवारी 1821 रोजी रोममध्ये तो क्षयानंच वारला. वय 25. लग्न झालंच नाही, कारण खिशात पैसा नव्हता.

आता फॅनीकडे वळू. चित्रपटात कीट्सची भूमिका बेन व्हिशॉनं केली आहे आणि फॅनीची ॲबी कॉर्निशनं. पण कथा कुणाच्या डोळ्यांनी दिसते, असं विचारलं तर उत्तर एकच: फॅनीच्या. ती सुई तिची आहे. फॅनी कपडे शिवते. स्वतः कल्पना लढवते, स्वतः बेतते, स्वतः शिवते आणि ते घालून दिमाखात हिंडते. सुरुवातीच्या एका प्रसंगात ती आपल्या पोशाखाच्या तिहेरी चुण्यांच्या, भूछत्रासारख्या फुललेल्या गळपट्टीचं कौतुक सांगते: अशी गळपट्टी आसपासच्या गावांत दुसऱ्या कुणाकडे नाही! ब्राउन तिची टर उडवतो. त्याच्या लेखी ती नटवी पोरगी, आणि कविता म्हणजे पुरुषांनी दार लावून करायचं गंभीर काम. फॅनी त्याला ठणकावते की तिच्या कामातून पैसे तरी मिळू शकतात. हा टोमणा बसतो, कारण ब्राउन आणि कीट्स या खोलीतल्या दोन्ही कवींना कवितेतून पोट भरणं जमलेलं नाही.

कॅम्पियनला या भांडणात फॅनीची बाजू घ्यायची आहे, आणि ती बाजू ती संवादांतून मांडत बसत नाही, वस्तूंतून मांडते. टॉम गेल्याचं कळतं तेव्हा फॅनी रात्रभर जागून उशीचा एक अभ्रा भरते. त्याच्यावर टॉमचं डोकं टेकवलं जावं, शवपेटीत. ती तो घेऊन येते आणि कीट्सच्या हातात ठेवते. कीट्स बघत राहतो. सांत्वनाचे शब्द सगळ्यांनी म्हटलेले असतील. इथं मात्र एक माणूस रात्रभर एकेक टाका घालत बसला, एवढं त्या कापडावर दिसतं. टाके मोजता येतात, म्हणजे जागलेला वेळ मोजता येतो. या क्षणी कीट्सला ही मुलगी वेगळी दिसू लागते, आणि आपल्यालाही. सुरुवातीचा सुईचा क्लोज-अप इथं फळाला येतो. टाका घालणं किती बारीक, किती एकाग्र काम आहे हे आपण पहिल्या मिनिटालाच डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून अभ्रा हातात आल्यावर समजावून सांगावं लागत नाही.

वेशभूषा आणि कलादिग्दर्शन ही दोन्ही कामं जॅनेट पॅटर्सन या एकाच बाईंनी केली. वेशभूषेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकनही मिळालं. दोन्ही कामं एका हाती असण्याचा फायदा फ्रेमफ्रेममधून दिसतो. खोल्या मोकळ्या आहेत, भिंती साध्या आहेत, सामान मोजकं. त्या फिकट पार्श्वभूमीवर फॅनीचे भडक, मानी रंग उठून दिसतात. जसजशी ती प्रेमात बुडते तसतसा हा दिमाख ओसरत जातो. झालरी कमी होतात, रंग मवाळ होतात. शेवटी येतो तो काळा पोशाख, तोही तिनंच शिवलेला. तिच्या मनात काय चाललंय हे वेशभूषेवरून वर्षवार वाचता येईल. कीट्सच्या अंगावर मात्र मोजकेच, वापरून विटलेले कपडे. गरिबीबद्दल एक वाक्य न बोलता ती कळते.

इथं इतिहासातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कॅम्पियननं हा सगळा भार सुईवर का टाकला ते उमगणार नाही. कीट्सनं फॅनीला लिहिलेली पत्रं राहिली. ती 1878मध्ये छापली गेली तेव्हा खळबळ उडाली. फॅनीनं कीट्सला लिहिलेली पत्रं मात्र उरलीच नाहीत. शेवटची काही पत्रं तर त्यानं उघडलीही नव्हती. वाचण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. ती न फोडताच त्याच्याबरोबर पुरली गेली. म्हणजे या प्रेमाच्या संभाषणातला एकच आवाज आपल्याकडे आहे. या शांततेचा अर्थ समीक्षकांनी फॅनीच्या विरुद्ध लावला: उथळ, नखरेल, कवीची योग्यता न कळलेली. पुढे 1930च्या दशकात तिनं कीट्सच्या धाकट्या बहिणीला लिहिलेली 31 पत्रं प्रसिद्ध झाली आणि तिच्यातली समजूत, तिचा शहाणपणा, तिचं दुःख लोकांना दिसलं. कॅम्पियनला ही कथा सुचली ती अँड्र्यू मोशननं लिहिलेलं कीट्सचं चरित्र वाचताना. तिनं फॅनीच्या तोंडी हरवलेली पत्रं कल्पून घातली नाहीत. तिनं तिच्या हातात सुई दिली. जिचे शब्द गेले तिला कृतीतून बोलू दिलं. चरित्रपटात यापेक्षा प्रामाणिक निवड मी पाहिलेली नाही.

कीट्सची पत्रं मात्र कॅम्पियननं मनसोक्त वापरली आहेत, आणि तीही फार सुंदर चलाखीनं. एप्रिल 1819मध्ये कीट्सनं अमेरिकेतल्या दुसऱ्या भावाला एक स्वप्न कळवलं होतं. दान्तेच्या नरकातल्या, वादळात भिरभिरणाऱ्या प्रेमिकांबद्दल तो वाचत होता, आणि त्याला स्वप्न पडलं की आपणही कुणा सुंदर स्त्रीच्या ओठांना ओठ लावून तसेच तरंगत आहोत, आणि फुलांनी लवलेल्या झाडांच्या शेंड्यांवर ढगासारखे अलगद विसावत आहोत. स्वप्न पडद्यावर दाखवायचं तर धूर सोडायचा, चित्र पुसट करायचं, ही जुनी रीत. कॅम्पियन काय करते? कीट्सला खरोखर झाडावर चढवते. बहरलेल्या झाडाच्या माथ्यावर, फुलांच्या गादीवर व्हिशॉ पाठ टेकून पडतो, डोळे आकाशाकडे, आणि कॅमेरा वरून बघतो. भोवती फक्त फुलं. धूर नाही, जादू नाही, लख्ख दिवस. पत्र ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनाही एवढं कळतं की हा तरुण जमिनीवर नाही. ज्यांनी वाचलंय ते खुर्चीत सरसावून बसतात.

दुसरं उदाहरण फुलपाखरांचं. 1819च्या उन्हाळ्यात कीट्स लिहिण्यासाठी आयल ऑफ वाइट बेटावर गेला होता. तिथून जुलैच्या सुरुवातीला त्यानं फॅनीला लिहिलेल्या पत्रात एक इच्छा आहे: आपण दोघं फुलपाखरं असतो आणि उन्हाळ्याचे तीनच दिवस जगलो असतो तरी चाललं असतं, पन्नास साध्या वर्षांत मावणार नाही एवढा आनंद त्या तीन दिवसांत मावला असता. पत्रातली ही उपमा. चित्रपटात ते पत्र हाती पडतं आणि फॅनी, तिचा भाऊ आणि छोटी बहीण टूट्स जाळी घेऊन फुलपाखरं पकडायला निघतात. फॅनीची निजायची खोली फुलपाखरांनी भरून जाते. पडद्यावर, बिछान्यावर, हातांवर, खिडकीच्या काचेवर, जिकडेतिकडे पंख. उपमा खोलीत राहायला आली! नुसतं एवढंच असतं तर तो एक देखणा प्रसंग झाला असता. पण पुढे पत्रं येईनाशी होतात, आलेलं पत्र त्रोटक निघतं, फॅनी अंथरुणाला खिळते, आणि त्याच खोलीच्या जमिनीवर मेलेली फुलपाखरं पडलेली दिसतात. ती झाडून गोळा केली जातात. तीन दिवसांचं आयुष्य मागणं कवितेत गोड वाटतं. कोंडलेल्या खोलीत त्या तीन दिवसांनंतर काय होतं, हे केरसुणी दाखवते. कॅम्पियनला कीट्सबद्दल अपार प्रेम आहे, तरी त्याच्या उपमेची किंमत कोण मोजतं हे ती लपवत नाही.

आणखी एक प्रसंग माझा अतिशय आवडता आहे. कीट्स आणि फॅनी रानात एकमेकांचं चुंबन घेतात आणि मग टूट्सला गाठून तिच्या मागे चालू लागतात. ती पुढे, हे दोघं मागे, हात हातात. ती वळून बघते की दोघं जागच्या जागी पुतळे! पाय उचललेला तसाच, चेहरा निर्विकार. ती पुढे वळली की पुन्हा चालू. पुन्हा वळली, पुन्हा पुतळे. मुलांचा खेळ आहे, हसू येतं. पण कीट्सची ग्रीक कलशावरची कविता आठवून बघा. त्या कलशावर प्रेमिकांची चित्रं कोरलेली आहेत, चुंबनाच्या उंबरठ्यावर कायमची थांबलेली, म्हणून कायमची तरुण. कविता चित्रपटात समजावून सांगितलेली नाही. तिच्या गाभ्यातला विचार एका रानवाटेवर दोन प्रेमिक आणि एक लहान मुलगी खेळून दाखवतात. मला हा प्रसंग संपूच नये असं वाटतं, आणि नेमकी हीच त्या कवितेची इच्छा आहे.

भिंतीची गोष्टही अशीच. वेंटवर्थ प्लेस हे घर बाहेरून एकसंध दिसायचं, पण आत दोन बिऱ्हाडं होती, मध्ये एक भिंत. 1819च्या एप्रिलपासून एका बाजूला ब्राउन आणि कीट्स, दुसऱ्या बाजूला ब्रॉन कुटुंब. (पुढे दोन्ही घरं एक करण्यात आली, आज तिथं कीट्सचं संग्रहालय आहे. चित्रीकरण मात्र बेडफर्डशायरमधल्या हाइड हाऊसमध्ये झालं.) एकाच छताखाली दोघं, पण लग्न ठरवण्याइतका पैसा नाही. ही कोंडी कॅम्पियन एका भिंतीत बसवते. फॅनी आपला पलंग भिंतीला लावते आणि भिंतीवर हात ठेवते. पलीकडे कीट्सचाही हात भिंतीवर असतो. दोघांना एकमेकांचा हात दिसत नाही. दोन्ही बाजू दिसतात त्या फक्त आपल्याला. प्रेमकथेत प्रेक्षकाला एवढा जवळचा साक्षीदार क्वचित केलं जातं.

छायालेखन ग्रेग फ्रेझरचं आहे. पुढे ‘ड्यून’साठी त्याला ऑस्कर मिळालं, ते वाळवंट आणि अवाढव्य यंत्रांचं काम सगळ्यांना माहीत आहे. इथं त्याच्या हाताशी असते एक खिडकी आणि खिडकीशेजारी बसलेली मुलगी. उजेड बाजूनं येतो, गालावर पडतो, हातातल्या कापडावर पडतो आणि खोलीच्या कोपऱ्यात विरतो. डच चित्रकार व्हर्मीरची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ओळख पटेल. कॅमेरा बहुतेक वेळ थांबलेला असतो. माणसं चौकटीत येतात, काम करतात, जातात. ऋतू बदलतात: बर्फ, मग निळ्या ब्लूबेल फुलांनी भरलेलं रान, मग भर उन्हाळा, पानगळ, पुन्हा बर्फ. तारखांच्या पाट्यांची फारशी गरजच पडत नाही. मांजर मध्येच येऊन बसतं, कपडे वाळत घातलेले असतात, कुणीतरी स्वयंपाकघरात काहीतरी करत असतं. कीट्स या घरकामाच्या जगात राहत होता, एखाद्या संगमरवरी मंदिरात नाही. चित्रपट बघताना हे पटत जातं आणि कविता जवळची होते.

आता मला सगळ्यात थक्क करणाऱ्या गोष्टीकडे येतो. हा चित्रपट श्वासाचा आहे.

एक दृश्य आहे. फॅनी आपल्या खोलीत आहे, खिडकी उघडी, अंगावर उन्हाळ्याची हवा. पांढरा पडदा फुगतो, खोलीत येतो, तिच्यावरून सरकतो आणि पुन्हा मागे जातो. घटना काहीच घडत नाही. पण वारा डोळ्यांना दिसत नसतो, तो दिसतो फक्त त्यानं हलवलेल्या वस्तूंमधून, आणि इथं पडदा फुगतो-ओसरतो तेव्हा आख्खी खोलीच श्वास घेते आहे असं वाटतं. प्रेमात पडलेल्या माणसाला सगळं घर जिवंत वाटतं, तसं ते इथं दिसतं. मार्क ब्रॅडशॉचं संगीतही मानवी आवाजाच्या जवळ राहतं. एका बैठकीत काही पुरुष उभे राहून मोत्झार्टच्या एका सेरेनेडमधला संथ भाग गळ्यातून गुणगुणतात. मूळ रचना मुख्यतः फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी आहे. तिथली वाद्यं काढून घेऊन कॅम्पियननं नुसते गळे आणि छात्या ठेवल्या.

हे सगळं बघत असताना एकीकडे एका माणसाची फुप्फुसं निकामी होत आहेत. टॉमच्या उशाशी बसून कीट्सनं जो रोग बहुधा घेतला, त्याचा जंतू सापडायला 1882 साल उजाडलं. तो रॉबर्ट कॉखनं शोधला. तोवर इंग्लंडमधले बहुतेक वैद्य क्षयाला सांसर्गिक मानत नसत. फेब्रुवारी 1820मध्ये पैसे वाचवण्यासाठी कीट्स घोडागाडीच्या टपावर बसून आला, गारठला आणि त्या रात्री खोकल्यातून रक्त पडलं. वैद्यकी शिकलेला माणूस. मेणबत्तीच्या उजेडात त्यानं रक्ताचा रंग पाहिला आणि आपलं काय होणार ते ओळखलं. उपचार म्हणून वैद्यांनी आणखी रक्त काढलं आणि खाणं तोडलं. सप्टेंबरमध्ये त्याला इटलीला पाठवलं, उबदार हवेसाठी. सोबत जोसेफ सेव्हर्न हा चित्रकार मित्र होता. फॅनीला जाता आलं नाही.

आणि इथं कॅम्पियन पुन्हा आपला शब्द पाळते. ती फॅनीला सोडून कीट्सच्या मृत्यूशय्येपाशी जात नाही. चरित्रपटाला ज्याची हाव असते तो अखेरचा प्रसंग, रोममधली खोली, कारंज्याचा आवाज, सेव्हर्ननं काढलेलं रेखाचित्र, हे सगळं तिला सहज मिळालं असतं. ती दाखवते ते एवढंच: रोमच्या पियात्सा दि स्पान्या या चौकात पहाटेच्या उजेडात बाहेर आणलेली शवपेटी, दुरून, स्थिर कॅमेऱ्यानं. बातमी हॅम्पस्टेडला पोचायला मार्चचा मध्य उजाडला होता. चित्रपटात ती ब्राउन घेऊन येतो. फॅनी ऐकून घेते, उठते, जिन्यापाशी जाते आणि कोसळते. तिला श्वास घेता येत नाही. ती आईला हाक मारते, हवा मागते. कॉर्निश इथं रडण्याचा अभिनय करत नाही, तिचं शरीर हवेसाठी धडपडतं. ज्या रोगानं कीट्स गुदमरला त्या रोगाचं दुःख फॅनीच्या छातीत उतरतं. फुगणारा पडदा, गुणगुणणारे गळे, बंद खोलीतली फुलपाखरं, हे सगळं आपल्याला इथवर घेऊन येत होतं, आणि बघताना आपल्याला पत्ता लागलेला नव्हता.

मग ती केस कापते, काळा पोशाख शिवते आणि बर्फात चालत जाते, ओठांवर ‘ब्राइट स्टार’. हे सुनीत, म्हणजे केशवसुतांनी मराठीत आणलेल्या चौदा ओळींच्या घाटातली कविता. कीट्सनं ते इटलीच्या प्रवासात जहाजावर शेक्सपिअरच्या कवितांच्या पुस्तकातल्या कोऱ्या पानावर उतरवलं होतं. पूर्वी कधी लिहिलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या कवितेच्या शेवटाकडे प्रेयसीच्या छातीवर डोकं टेकवून तिच्या श्वासाची लय ऐकत राहण्याची ओढ आहे. पुन्हा श्वास! कॅम्पियननं चित्रपटाला हेच नाव का दिलं, ते मला इथं कळलं.

एक तक्रार मात्र नोंदवतो. शेवटच्या मजकुरात फॅनीनं कीट्सची अंगठी कधी काढली नाही असं सांगितलं जातं, पण पुढचं आयुष्य गाळलं जातं. खऱ्या फॅनीनं काही वर्षं दुखवटा पाळला, 1833मध्ये लुई लिंडो याच्याशी लग्न केलं, तिला तीन मुलं झाली आणि 1865मध्ये ती गेली. कीट्सची पत्रं तिनं शेवटपर्यंत जपली. लग्न केलेली, संसार केलेली आणि तरीही पत्रांचा तो गठ्ठा जपणारी बाई मला बर्फात एकटी चालणाऱ्या बाईपेक्षा कमी निष्ठावान वाटत नाही, उलट जास्त समजूतदार वाटते. एका ओळीची भर पडली असती तर चित्रपटाचं काही बिघडलं नसतं. तेवढं सोडलं तर कवीवर काढलेला याहून चांगला चित्रपट मला माहीत नाही.

बघणार असाल तर एक विनंती. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका, आणि मोबाईलवर बघत असाल तर बंद करू नका. नावं वर सरकत असताना बेन व्हिशॉ ‘ओड टु अ नाइटिंगेल’ वाचतो. 80 ओळींची कविता आहे. इंग्रजीचा प्रत्येक शब्द कळला नाही तरी ऐका. दोन तास डोळ्यांची मशागत झाल्यानंतर ती कविता कशी ऐकू येते, हे ज्याचं त्यानंच अनुभवायचं आहे.